आपण मळलेला हुरडा

पुणे स्टेशन मागे पडलं तसा माझा अंगठा सवयीने फोनवर फिरायला लागला. पण फिरायला तिथे काही उरलंच नव्हतं. फोटोंची, गप्पांची, लोकांची लग्नं-बारशी बघण्याची सगळी ॲपं मी आदल्या दिवशी काढून टाकली होती.

कारण माझा वाढदिवस. मी चाळिशीची, एकटी राहते आणि घरी बसून भाषांतरं करते. शुभेच्छा इतक्या आल्या की आभार मानता मानता मनगट धरलं. केकही पुष्कळ आले, पण सगळे चित्रातले. खरा केक मीच आणला होता आणि तो शिळा होईपर्यंत एकटीच खात राहिले. शेवटचा तुकडा खाताना मला चक्क रडू आलं. एवढी ओळखीची माणसं, आणि तुकडा पुढे करायला एक हात नाही! म्हटलं, हे सगळं थोडे दिवस बंद करू आणि कुठे हाडामांसाचं माणूस भेटतंय का ते बघू.

सोलापूर निवडलं ते पूर्ण विचारांती. हिमाचलला गेले असते तर फोटो टाकल्यावाचून राहवलं नसतं. ऐन जानेवारीत सोलापूरला गेल्याबद्दल माझ्यावर कुणी जळण्याची शक्यता नव्हती. सोलापूरकरांनी राग मानू नये, या आगाऊपणाची शिक्षा मला पुढे मिळाली आहे.

दौंडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात फोटोंखालच्या ओळी लिहीत होते. समोरच्या बाकावर शेवंतामावशी नावाच्या एक बाई बसल्या होत्या. लेकीला भेटून सोलापूरजवळच्या आपल्या गावी परत चालल्या होत्या. त्यांनी आधी मला कडक भाकरी आणि शेंगा चटणी (शेंगदाण्याची तिखट, तेलकट चटणी) दिली आणि मग चौकशीला सुरुवात केली. कुर्डुवाडी येईपर्यंत माझं गाव, काम, न झालेलं लग्न, का झालं नाही त्याची कारणं आणि मी उतरणार ते लॉजसुद्धा त्यांना ठाऊक झालं होतं. इतके प्रश्न मला गेल्या वर्षभरात कुणी विचारले नव्हते. उतरताना त्या म्हणाल्या, "उद्या हुरड्याला या आमच्यात." मीही "येते की, नक्की" म्हणाले. आमच्या पुण्यात 'या एकदा घरी' म्हणजे 'बरं, निघा आता', आणि 'नक्की येते' म्हणजे 'निघालेच'. पत्ता त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

संध्याकाळी एका खानावळीत जेवायला बसले. ताटात काळ्या मसाल्याचा लालभडक मटणरस्सा, ज्वारीची भाकरी आणि कांदा होता. मी फोन काढून वरून, बाजूने, वाकून फोटो घेतले. मग आठवलं की पाठवायचे कुणाला? फोन हातात धरून ताटाकडे बघत बसले. वाढपी काळजीने जवळ आला आणि काही पडलंय का त्यात, म्हणून विचारू लागला. नाही म्हटलं तरी त्याचा विश्वास बसेना. वाटी उचलून नेली आणि दुसरी आणून ठेवली. तो उभा राहून बघत होता म्हणून मी भराभर जेवले. बाकीच्या टेबलांवर माणसं एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होती. मला तिथून कधी एकदा उठते असं झालं होतं.

सकाळी माझा निर्धार पार ढासळला. एकटेपणा घालवायला आले होते आणि इथे तर तो तिकीट न काढता सोबत आला होता. घरी निदान अंगठ्याला तरी काम होतं. शेवटी मी हार मानली आणि एक ॲप परत घ्यायला लागले. फोनवर ते चक्र फिरत असताना दारावर थाप पडली.

बाहेर एक तिशीतला माणूस उभा होता. म्हणाला, "शेवंताआत्यानं धाडलंय. समदी आगटीपाशी बसल्यात. तुमी आल्याबिगर कणीस टाकायचं न्हाय म्हणती आत्या."

हा भाचा सागर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता. रात्रपाळी करून झोपायला निघालेल्या माणसाला आत्याने माझ्या मागे पिटाळलं होतं. मला इतकी लाज वाटली की चप्पल उलटी घालूनच मी त्याच्या मोटारसायकलवर बसले. फोन खोलीतच राहिला.

मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत काळ्या रानात ज्वारी उभी होती. बांधावर आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) शेण्यांनी धुमसत होती आणि भोवती घरदार, शेजारीपाजारी उपाशी बसले होते. मी क्षमा मागायला लागले तर मावशी म्हणाल्या, "येती म्हणालासा न्हवं? मग? बसा की."

कणसं भाजून निघाली. मावशींनी एक माझ्याकडे टाकलं. मी मोठ्या कौशल्याने ते तळहातावर मळलं, फोलपटं फुंकली आणि कोवळे गरम दाणे तोंडात टाकले. सगळ्यांचे हात थांबले. एका बाईने पदर तोंडाला लावला.

मावशी म्हणाल्या, "ताई, आपण मळल्याला हुरडा आपण खायाचा न्हाय. शेजारच्याला द्याचा. तुमाला दुसरा कुणीतरी दील."

"आणि एकटंच माणूस असलं तर?"

"एकट्यानं हुरडा कोण खातंय?" मावशींनी हे अगदी साधेपणाने विचारलं.

मग मी सागरसाठी मळू लागले, आणि माझ्या डाव्या हाताला बसलेले आजोबा माझ्यासाठी. आजोबांनी माझ्या हुरड्यात फोलपटंच जास्त असल्याचं जाहीर केलं. सागर बिचारा ती मुकाट गिळत होता. मध्येच जेवणाच्या पाटीत ठेवलेले सगळ्यांचे फोन एकेक करून वाजायला लागले. पण प्रत्येकाचे हात राखेने काळे झालेले, आणि शेजारी तळहात पसरून बसलेला. कुणी उठलं नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही खात होतो, भांडत होतो, माझ्या न झालेल्या लग्नावर चर्चा करत होतो. मी इतकी हसले की पोट दुखायला लागलं. निघताना मावशींनी ओल्या कणसांची पेंढी माझ्या पिशवीत कोंबली.

पुण्याला आल्यावर ॲपं परत आली, खोटं कशाला बोलू? मी काही संन्यास घेतला नव्हता. पण घरी आले त्या संध्याकाळी फोन आतल्या खोलीत ठेवला आणि पापडाच्या जाळीवर कणसं भाजली. एक मळलं, फुंकलं, आणि हात तोंडाशी जाता जाता थांबला.

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना मी फक्त सोसायटीच्या ग्रुपवर ओळखत होते. पाण्याच्या टाकीवरून आमचं तिथे बरंच बोलणं झालेलं, सगळं अंगठ्याने. मी कोपराने त्यांची बेल दाबली. दार उघडून त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि गॅस लीक झालाय का, असं विचारलं.

"नाही. हात पुढे करा," मी म्हटलं.

त्यांनी केला. मग नियम ऐकून घेतला आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्यासाठी एक कणीस मळलं. फुंकायला मात्र विसरल्या. मी तो हुरडा फोलपटांसकट खाल्ला.