नानांची घरची वेल

लतिकाबाई गायधनी चिडल्या की खडू मोडायच्या. दिंडोरीजवळच्या त्या शाळेत टेबलावरचे तुकडे बघूनच पोरं ओळखायची, आधीचा तास कसा गेला ते. बाई नाशिकहून एसटीने यायच्या, भूगोल शिकवायच्या. एकदा एका पाहुण्या साहेबांनी भाषणात ऑस्ट्रेलिया युरोपात नेऊन ठेवला, तर बाईंनी आभार मानता मानता त्यांना नकाशावर बोट ठेवायला लावलं. ते बोट गावाने वर्षभर चघळलं.

बाईंचं म्हणणं एकच. आपलं पीक कुणाच्या ताटात जातं हे कळलं की माणूस नुसता गावाचा राहत नाही, जगाचा होतो. म्हणून दरवर्षी फळ्यावर दिंडोरीपासून थेट युरोपातल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत द्राक्षांची रेघ ओढायच्या.

यंदा शाळेत 'जागतिक नागरिक दिन' ठरला. शाळा समितीचे अध्यक्ष बहिरूनाना, मोठे बागायतदार. त्यांनी पिकअप भरून द्राक्षं पाठवली. पेट्या परदेशी जायच्या, मणी बोराएवढे. मुख्याध्यापक हरखून म्हणाले, "बाई, तुमची रेघ आज दारात आली की."

बाईही हरखल्या. वाटायला त्यांनीच पहिला घड उचलला आणि पुढच्या बाकावरच्या पूजाला दिला. पूजा नानांची नात. तिने हात मागे घेतला.

"का गं?"

"आम्ही ही नाय खात, बाई. आमची घरची वेल वेगळी हे. तिला आजोबा औषध नाय मारत."

"अगं, ही तर परदेशी जायची द्राक्षं."

"जायचीच होती. तपासणीत औषध लय निघालं. तिकडच्या पोरांना चालत नाय म्हणले."

बाईंच्या मुठीत खडूचा भुगा झाला. "कुणी मणी तोंडात घालायचा नाही," एवढं बोलून त्या घड घेऊन तडक बाहेर, कार्यक्रमाच्या मांडवात गेल्या. नाना हार घालून खुर्चीत बसले होते.

"नाना, तिकडची तेवढी पोरं. मग ही कोण?"

"धुऊन खाल्लं की काय होतंय, बाई? आपली पोरं काटक हायेत."

"मग तुम्ही खा. धुऊन देते."

मुख्याध्यापक कुजबुजले, "बाई, पाहुणे बसलेत."

"त्यांनाही एकेक घड द्या. जगाचे नागरिक आहेत ना सगळे?"

नानांनी एक मणी तोडला, धोतराला पुसला. वर्गाच्या खिडकीतून पूजा ओरडली, "आजोबा, नका खाऊ." मणी तोंडापर्यंत गेला तो तिथूनच खिशात उतरला.

"न्या रे माघारी," नाना ड्रायव्हरला म्हणाले.

"माघारी म्हणजे कुठे?" बाई.

ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. "नाशिकला, मार्केटात ना, नाना?"

झालं. बाई पर्स काखोटीला मारून पिकअपच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. बघता बघता बाकं रिकामी झाली, अख्खा वर्ग बाईंच्या मागे. पूजाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला. नानांनी नातीकडे बघितलं आणि त्याला गाडी बंद करायला सांगितली.

पेट्या शाळेमागच्या खड्ड्यात रित्या झाल्या. शेवटची नानांनी स्वतः उपडी केली. बाईंनी आभार मानले नाहीत.

राग काही गेला नाही. नाशिकच्या बाजारात द्राक्षं घेताना बाई आजही भाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "भाऊ, तुमच्या घरी हीच खातात का?"