भिंतीवरची कोळीण

काका-काकूंचं गोव्याचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं, म्हणून तोवर त्यांना मुंबई दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी बंदराजवळच्या कोळीवाड्याशी आलो. तिथं नवी भिंत उभी आहे. जहाजाच्या पाहुण्यांना वाळत घातलेले बोंबील दिसू नयेत, म्हणून बांधलेली. आणि तिच्यावर रंगवलंय काय, तर डोक्यावर पाटी घेतलेली हसरी कोळीण! काकूंनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि नाकाला पदर लावला.

"चित्र सुरेख आहे गं, पण वास कसला येतोय?"

"चित्रातल्या बाईच्या पोटापाण्याचा," मी म्हणाले.

भिंतीमागे गेलो, तर तिथं खरी बाई होती. माझ्या ओळखीच्या हिरामावशी बांबूंवरचे बोंबील उलटत होत्या. हे बांबू लवकरच काढायचेत, तिथं पाहुण्यांच्या बस लागणार आहेत. याला म्हणे सुशोभीकरण! माणसाला जमिनीवरून उठवायचं आणि भिंतीवर रंगवायचं. रंगवलेल्या बाईला जागा लागत नाही, भूकही लागत नाही.

काका भला माणूस. निघताना त्यांनी हात जोडले आणि सवयीनं म्हणाले, "येतो हं मावशी."

आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत. परत यायचं कबूल करूनच माणूस निघतो, आणि ज्याचा निरोप घ्यायचा तो तिथंच असेल, हे आपण धरूनच चालतो.

"ये रे बाला," मावशी म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "पन यायचं कुठं, ते तुझ्या बसवाल्याला इचार."