दंडाचं माप

पोटात काय गेलं आणि काय नाही गेलं, हे नुसत्या दंडावरून सांगणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच झाली, आणि ती माझी थोरली नणंद. डॉक्टर लोक जीभ बघतात, नाडी बघतात. आमच्या अक्का गळ्यातली टेप काढायच्या. टेप गळ्यात कशी, तर बाई मूळच्या शिवणकामवाल्या. लातुरात वीस-बावीस वर्षं त्यांनी झंपर शिवले. जिल्हा नवीन झाला तेव्हा नव्या हापिसांतल्या साहेबांच्या बायकासुद्धा अक्कांच्याच दारात. प्रत्येकीचं माप एका लांबट वहीत, वर्षानुवर्षांचं. एखादी वारली तरी खोडायच्या नाहीत. "काय सांगावं, पुढच्या जन्मी परत यायची कापड घेऊन," म्हणायच्या. माझंही माप होतं त्या वहीत, लग्नातल्या झंपराचं.

मग नव्या जिल्ह्यामागून दुष्काळ आला. जी ती जुना झंपर आत घ्यायला आणू लागली. अक्कांना वाटलं, उन्हानं टेप सैल झाली. नवी आणली. तिच्यावरही दंड कमीच भरले. बाईंनी तिसरी आणली! शेवटी वही उघडली, तर एकजात साऱ्याजणींचे दंड उतरलेले. समोर पुरुषांचे सदरे शिवणारे टेलरमामा होते. त्यांना विचारलं, "मामा, तुमच्या गिऱ्हाइकांचं माप उतरलं का?" ते म्हणाले, "न्हाई बा. गडी हायेत तसेच हायेत." अक्का तिथंच पायरीवर बसल्या. घराघरांतली भाकरी कुठं जाऊन राहिली, ते त्यांना कळलं होतं.

त्या आठवड्यात मशीनवर चादर पडली आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अक्कांनी पत्रानं आहारशास्त्र शिकायला घेतलं. अक्कांचे यजमान, आमचे दाजी, घाबरून म्हणाले, "मग मला जेवायला काय?" परीक्षेला नांदेडला गेल्या, तर दारातला शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." अक्का म्हणाल्या, "पालक बी मीच अन् परीक्षा बी माझीच. सरक." पुस्तकात सफरचंद होतं, अक्कांनी पेपरात हुलगे, जवसाची चटणी आणि शेंगदाणे लिहिले, आणि पास झाल्या!

'आहार सल्ला' अशी पाटी लावली, तरी बाया कापड घेऊनच यायच्या. अक्का माप घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी दंड भर, मग झंपर." लिहिता-वाचता न येणारीला त्या चिंधीवर बटणं टाचून द्यायच्या. दोन बटणं म्हणजे दोन भाकरी, त्याही बसून खायच्या. एकीच्या सासूनं ती बटणं उसवून लेकाच्या सदऱ्याला लावली. अक्कांनी सासूलाच बोलावलं, तिचाही दंड मापला आणि तिच्याच पदराला तीन बटणं टाचून पाठवलं.

अशा अक्का एकदा लोह्याला, आमच्याकडं माहेरपणाला आल्या. मला पाचवा महिना. आमच्यात गडी आधी, मग पोरं, मग सासूबाई, आणि उरलं तर मी. न उरलं तर "माझं झालं" म्हणून पाणी प्यायचं. अक्कांनी काही विचारलं नाही, सरळ दंडाला टेप लावली. वहीत साडेनऊ होतं, भरलं आठ.

"टेप सैल असंल, अक्का," मी म्हटलं.

"हाव का? तिसरी हाय ही," त्या म्हणाल्या, आणि ह्यांच्यापुढचं वाढलेलं ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं. "भाऊ, तू थांब जरा. तुझं लेकरू जेवून राहिलं."

सासूबाई कडाडल्या, "गड्याच्या आधी? कुठली रीत गं ही?"

"आई, तुझं बी माप हाय वहीत. वाचू का?"

सासूबाईंनी एकदा वहीकडं बघितलं. मग हळूच पदर सावरून माझ्याशेजारी बसल्या. हे उठले आणि पहिल्यांदाच, सांडत का होईना, आम्हाला वाढू लागले. चार महिन्यांनी मला धडधाकट मुलगी झाली. तिचा बोटभर दंडसुद्धा अक्कांनी वहीत मांडला.

आता अक्का फार थकल्या. परवा लातूरला गेले, तर ताट तसंच झाकलेलं. "माझं झालं," म्हणाल्या. मी खुंटीवरची टेप काढली, दंडाला लावली आणि आकडा काही मोठ्यानं वाचला नाही.

"टेप सैल झाली असंल गं," अक्का हसून म्हणाल्या.

मी सुई ओवली आणि त्यांच्या पदराला दोन बटणं टाचली. त्यांनी ती बोटांनी चाचपून पाहिली.

"दोन लई झाल्या. एक काढ."

मी काढलं नाही.