दुपारचा चहा आणि पहिली नोंद

चिकलठाण्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात एक रिवाज होता. ज्याच्या थ्रेडमुळं प्रोग्राम कोसळेल, त्यानं सगळ्यांना दुपारचा चहा करायचा. आम्ही पॅकिंग मशीनचे प्रोग्राम लिहितो. मशीन कारखान्यात असतं, म्हणून संगणकावरच त्याचं सोंग घेणारा एम्युलेटर वापरतो. प्रोग्राममध्ये चार कामं एकाच वेळी चालतात, त्यांना थ्रेड म्हणायचं. एकेक थ्रेड एकेकानं लिहिलेला. प्रोग्राम कोसळला की एम्युलेटर चौघांची अवस्था एका फाइलीत उतरवतो, ती कोअर डम्प. तिच्यात ज्याची नोंद सगळ्यात वर, तो गुन्हेगार.

नवा एम्युलेटर आल्यापासून दोन महिने चहा एकच माणूस करत होता. माझ्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप, गंगापूरहून रोज एसटीनं येणारा. जुनी नोकरी सुटल्यावर चाळिशीत हे काम शिकलेला आणि आमच्याकडं अजून कायम न झालेला. मुख्य थ्रेड त्याचा. मी त्याची वरिष्ठ, आणि माझं डोकं पटकन तापतं. "भाई, डोळे उघडे ठेवून लिहीत चला," असं मी त्याला सगळ्यांदेखत ऐकवलंय, तेही एकदा नव्हे. सुरुवातीला तो म्हणायचा, "मॅडम, माझ्यात तर काय दिसंना." पुढं तेही म्हणेनासा झाला, गुपचूप पातेलं चढवायचा. चहा फक्कड व्हायचा आणि मी तो खुशाल प्यायचे.

मग मालकांनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर त्याला कायम करता येणार नाही.

गुरुवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, म्या माझा सगळा कोड काढून टाकला. माझा थ्रेड आता निस्ता बसून हाय. तरीबी पडलं, अन् वर पुन्हा मीच."

मी आधी त्याच्यावरच खेकसले, नीट काढला नसेल म्हणून. मग स्वतः पाहिलं. थ्रेड खरोखर रिकामा बसला होता. तेव्हा कुठं मला एम्युलेटरचाच कोड उघडायची बुद्धी झाली. डम्प लिहिणारा भाग जेमतेम पानभर. कोण पडलं हे तो बघतच नव्हता, थ्रेड ज्या क्रमानं सुरू झाले त्याच क्रमानं नोंदी करत होता. मुख्य थ्रेड सगळ्यांच्या आधी सुरू होतो, म्हणून तोच कायम वर.

मी कोड बदलला: जो पडला त्याची नोंद आधी, बाकीच्यांची मागून. पुन्हा चालवलं, पुन्हा कोसळलं. या खेपेला वर तिसरा थ्रेड होता. तो माझा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांना जाऊन सगळं सांगितलं, त्यांनी त्याला कायम केल्याचं पत्र काढतो म्हटलं. सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली आणि दुपारी पातेलं मी चढवलं. आलं जास्त पडलं. बिचाऱ्यानं तोंड वाकडं न करता कप संपवला.

"घरी पोरीचं गणित घ्यायचं सोडलं व्हतं मॅडम," तो हळूच म्हणाला. "म्हणलं, ज्याला सोताची चूक सापडंना, त्यानं लेकराला काय शिकवावं?"

"आज घ्या," मी म्हणाले. त्याला चारच्या एसटीला पाठवलं आणि माझी चूक शोधत बसले.