फिरंगी नव्हे, फ्रेंच

मुंबईला कॉलेजात जायला निघालो त्या सकाळी जांबोटीत आमच्या दारापुढं बैलगाडी जुंपून उभी होती आणि मी अजून लोकांना समजावतच होतो. फ्रेंच म्हणजे गोव्यातली भाषा नव्हे. गोव्यात चालते ती पोर्तुगीज. फ्रेंच वेगळी, तिचा देशही वेगळा. ऐकणारा मान हलवायचा, आणि दुसरा कुणी आला की तोच त्याला सांगायचा, "फिरंगी शिकाय चाललाय." वडील, म्हणजे आमचे आप्पा, बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. गाडी हलताना एवढंच म्हणाले, "वकील व्हायचं सोडून पोपटावानी बोलाय शिकतोय." आईनं वाटेची भाकरी बांधून दिली. वर्षभरात मी परत येणार आणि भाताची शेती बघणार, याची तिला खात्रीच होती.

गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनीही मला 'फ्रेंचच का?' हे इतक्यांदा विचारलंय, की आता एकदाच लिहून टाकतो. मोठं कारण काही नव्हतं. बेळगावच्या हायस्कुलात एक जादा भाषा घ्यावी लागे. संस्कृतच्या वर्गात शास्त्रीबुवा आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना मागं बसवायचे आणि माझ्या तोंडून शब्द पडला की कपाळाला हात लावायचे. फ्रेंचला मोजकीच पोरं होती. म्हातारे मास्तर सगळ्यांवर सारखेच चिडायचे, कारण सगळ्यांचेच उच्चार सारखे वाईट. ही समानता मला आवडली. पण मास्तर पडले गोव्याचे, त्यामुळं गावाचा घोटाळा आणखीच पक्का झाला.

मुंबईत निराळाच वैताग. वर्गात बहुतेक पारशी आणि ख्रिस्ती मुलं, लहानपणापासून घरी फ्रेंच पुस्तकं बघितलेली. मी मराठीतसुद्धा 'गेलतो', 'आलतो' म्हणालो की मराठी मुलंही हसायची. फ्रेंचमधला 'र' घशातून काढावा लागतो. त्याचा सराव मी मोरीत जाऊन करायचो, तर वसतिगृहातल्या सोबत्याला वाटलं मला घशाचा रोग झालाय. तो खोली बदलून गेला. पारशी प्रोफेसर मात्र म्हणाले, की नाकातले उच्चार या वर्गात एकट्या तुझेच बरोबर येतात. ही आमच्या गोव्याच्या सरहद्दीवरच्या, नाकात बोलायच्या बोलीची कृपा हे मला ठाऊक होतं, पण शाबासकी मी घेतली.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा आप्पांनी ठरवून टाकलं होतं: पुरे झालं आता, परत जायचं नाही. मी वाद घातला. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी भातशेतीचीच गोष्ट काढायचे.

त्यातच कणकुंबीहून निरोप आला. तिथं माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं सासर. तिची गाभण म्हैस चरता चरता सरहद्द ओलांडून गोव्याच्या हद्दीत गेली होती आणि तिथल्या चौकीवाल्यांनी ती बांधून घातली होती. चोरून विकायला आणलेली म्हणे. दाजी दोनदा हात हलवत परत आले होते. चौकीवरचा नवा साहेब थेट पोर्तुगालहून आलेला, त्याला कोकणीचा एक शब्द येत नव्हता, आणि मधला कारकून दाजींचं ऐकून घेऊन साहेबाला भलतंच सांगायचा. आक्काच्या घरात त्या म्हशीवाचून दुसरं दुभतं नव्हतं. तिनं अन्न सोडलं होतं.

आप्पा माझ्याकडं वळले. "चल. फिरंगी येतीया न्हवं तुला?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. आप्पा तोवर वहाणा घालून बाहेर पडले होते.

दाजींना बरोबर घेऊन आम्ही चौकीवर पोचलो. कारकुनाला बाजूला सारून मी साहेबाला फ्रेंचमध्ये विचारलं, आपल्याला फ्रेंच येते का? तो खुर्चीवरून उठलाच. माझ्याच वयाचा असेल. शाळेत शिकला होता. मला बसायला खुर्ची दिली. पण आता बोलायचं कसं? माझ्या पुस्तकांत राण्या होत्या, बर्फ होता, बुलबुल होते. म्हैस कुठंच नव्हती. मी म्हणालो, काळी गाय, शिंगं मागं वळलेली, दिवसभर पाण्यात बसते, पोटात वासरू आहे आणि माझी बहीण जेवत नाही. साहेब हसत सुटला आणि मग एकदम थांबला. त्यानं कारकुनाला बोलावून काय सुनावलं ते मला कळलं नाही, पण कारकून स्वतः जाऊन म्हैस सोडून घेऊन आला.

तरी साहेब मला सोडेना. आप्पा आणि दाजी उन्हात म्हशीचं दावं धरून उभे, आणि हा मला त्याच्या गावची नदी, त्याची आई, तिच्या हातची माशाची कालवणं सांगत होता. इथं माझ्याशी कुणी बोलतच नाही, असं म्हणाला. अडखळत, माझ्याइतक्याच चुका करत बोलत होता.

परतीच्या वाटेवर आप्पा म्हणाले, "येगळी भाषा, येगळी भाषा म्हनत हुतास. मग त्येला कळली कशी?"

मी सांगायला लागलो, की तिकडं शाळेत शिकवतात. आप्पांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि ते पुढं चालते झाले. घरी जेवताना मान वर न करता म्हणाले, "शीक. काय शिकायचं त्ये शीक."

आयुष्यभराची परवानगी मला अशी गैरसमजावर मिळाली. तो खोडून काढण्याची हिंमत मला झाली नाही.

पुढं मास्तरकीसाठी बी.टी. केलं, मुंबईतच शाळेत लागलो. गेली कित्येक वर्षं ज्या मुलांना फ्रेंच नको आहे त्यांना ती शिकवतोय. यंदा स्वातंत्र्य आलं. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, इंग्रज गेले, आता तुमचे फ्रेंचचे तास कमी करू, तुम्ही हिंदी घ्या. मी म्हणालो, फ्रेंच ही इंग्रजांची भाषा नव्हे. ते म्हणाले, तेच ते. हे एम.ए. झालेले गृहस्थ!

आप्पा आणि आई दोघंही आता नाहीत. जांबोटीचं घर धाकट्या भावाकडं आहे. तिथं मी 'गेलो होतो' म्हणालो की पुतणे हसतात. म्हणून दिवाळीत सरळ कणकुंबीला आक्काकडं गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. हेडमास्तरांची सगळी कागाळी मी तिला ऐकवली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं तुज्यासंगं कोन बोलतं का रं?"

मी वैतागलो. दिवसभर बोलतोच, बोलायचाच पगार मिळतो, म्हणालो.

"त्ये शिकवनं झालं," आक्का म्हणाली. "मी बोलन्याचं इचारत्ये."

मी पाट चुलीजवळ ओढला. तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि मग आम्ही बोलत बसलो, भाताचं, जावेचं, रानडुकरांचं. काहीही समजावून सांगावं लागलं नाही. चूल विझली तरी मी तिथंच होतो.

फ्रेंचमध्ये 'अमक्याच्या घरी' म्हणायला एक लहानसा शब्द आहे, 'शे'. तो एकटा उभा राहत नाही. त्याच्यापुढं माणूसच लागतो. मुलं दर वर्षी त्याच्यापुढं गल्ली लावतात, गाव लावतात, आणि मी चिडून खोडत बसतो. सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, शे आक्का. मुलांनी मुकाट उतरवून घेतलं.