अखेरचा बहर आणि बंद खिडक्या

माझ्या माहेरच्या संत्राबागेचा अखेरचा बहर आमच्या विजेवरच्या मोटारीनं जवळजवळ गाठला होता.

मोर्शीजवळच्या त्या बागेची विहीर आटली होती. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "फुलं आली, माय. सोमवारी झाडं तोडणारे येऊन राह्यले. वास घ्याचा असन तं ये."

तो गंध! मधाळ, शुभ्र, टोकाशी किंचित कडवट. लग्नानंतरच्या प्रत्येक माघात मी अमरावतीच्या खिडकीत उभी राहून उत्तरेकडचा वारा हुंगत आले आहे. (हाती लागे तो राजापेठेतल्या स्कूटरींचा धूर.)

"बसनं जाऊ," मी म्हणाले.

"बसच्या धुरात फुलाईचा वास येईन का तुले?" आमचे हे गरजले. "आपल्या गाडीले ना धूर, ना आवाज!"

गाडी घरी येऊन दोनच दिवस झाले होते, आणि आमच्या गल्लीचा रिवाज असा की नव्या गाडीनं आधी लिंबू चिरडायचं, मग प्रत्येक घराला एकेक चक्कर मारून आणायची. नाही म्हणणं म्हणजे भरल्या पंगतीतून पाहुण्याला उठवणं! रविवारी सकाळी सारी गल्ली फिरून आली. शेजारच्या काकू तर दोनदा. "पयल्या चक्करमंदी पदर दारात अटकला होता, भाऊ. मजाच नाई आली!"

परिणामी मोर्शी रस्त्याला लागताना बॅटरीचा काटा निम्म्याखाली होता. आधी एसी बंद झाला. मग रेडिओ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्राबागा दिसू लागल्या आणि मी अधीरपणे काच खाली केली.

"काच लाव!" हे ओरडले. "हवा आत शिरली का चार्जिंग जाते!"

"अहो, पण वास..."

"अवं, लिथियमच्या बॅटऱ्या स्वस्त होऊ दे. एका चार्जिंगमंदी नागपूर!"

"मला मोर्शी पुरे आहे हो!"

असे आम्ही फुललेल्या मुलखातून, बरणीतल्या लोणच्यासारखे, घट्ट झाकण लावून निघालो होतो. आणि एका खेड्याच्या पिठाच्या गिरणीसमोर गाडीनं मान टाकली.

गिरणीवाले करीमभाई भले गृहस्थ. "लाईन गेली, भाभी. दुपारून येईन. मंग लावजा तुमचा वायर." वीज आली. यांनी उत्साहानं वायर खोचली, त्याच क्षणी करीमभाईंनी गिरणी सुरू केली. फट्! गिरणी गप्प, गाडी गप्प. गप्प नव्हत्या त्या फक्त दळणाच्या बाया.

"मायव! हे कोन व्हय? मोटार दयाले आनली का?"

फ्यूज बांधून झाल्यावर बायांनी निवाडा दिला: आधी दळण, मग मोटार, आणि नळीखाली डबे धरायचे ते मोटारवालीनं! मी धरले. नाकात पीठ गेलं, भुवया पांढऱ्या झाल्या. शेवटचा डबा भरला नि वीज पुन्हा गेली.

अखेरीस बाबा ट्रॅक्टर घेऊन आले. मोटारीला दोर बांधला, आत हे स्टिअरिंग धरून बसले, मी बाबांच्या शेजारी. बागेत पोचलो तेव्हा संधिप्रकाश उरला होता, आणि त्यात ती फुलं जणू स्वतःच उजळत होती.

"बाबा, अजून थोडे दिवस थांबता आलं असतं," हे मागून म्हणाले. "नव्या बॅटऱ्या येऊन राह्यल्या. मंग दर रविवारी आनतो हिले."

बाबांनी एका खोडावरून हात फिरवला. "येतीन ना, जवाईबापू. बॅटऱ्या येतीन. झाडं नाई थांबत."

मी एक फांदी हळूच ओढली, डोळे मिटले, सारं बालपण एका श्वासात घेण्यासाठी छाती भरून... आणि शिंकले. पुन्हा शिंकले. फांदीवरची यच्चयावत फुलं बाबांच्या टोपीवर सांडली.

"बरं केलं," टोपी झटकत बाबा म्हणाले. "उद्याचं काम तेवढंच हलकं झालं."

आजही कवितेच्या तासाला मुली विचारतात, "मॅडम, संत्र्याच्या बहराचा गंध नेमका कसा असतो हो?" मी डोळे मिटते, आठवते, आणि प्रामाणिकपणे सांगते: "ज्वारीच्या पिठासारखा."