सेल चार्जिंगला होते, तरी बेल वाजली

माझ्या हातावर अकरा मानसं गेली. पेशंट सांभाळायचं काम करते मी, बावीस वर्सं झाली. त्या अकरांना शेवटचं पानी पाजलं, अंग पुसलं, डोळे मिटवले... त्यातलं एकबी मला कधी परत दिसलं न्हाई. सपनात सुद्धा न्हाई. म्हनून भूत-बित मला कुनी सांगू नका, असंच मी आजवर म्हनत आले. त्यात आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी धम्म घेतला तवाच घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले. अंगारा-धुपारा तवा गेला तो गेलाच. शेजारीन नातवाची दिष्ट काढायला बसली की मी तिची चेष्टा करायची.

तरीबी सांगते. फोनमधी बोललं की तोच लिहून काढतो, म्हनून जमतंय. माझी शाळा दुसरीपर्यंत. कुठं चुकीचं उमटलं तर समजून घ्या.

मालक बांधकामावर व्हते, चौथ्या मजल्यावरनं पडले. दोन पोरी, मोठी आठ वर्साची. ज्या दवाखान्यात ते गेले तिथंच मी पुढच्या महिन्यात आया म्हनून लागले. रडायला टाईम न्हवता. तिथनं मंग घरोघरी पेशंट बघायला लागले. हे एवढ्यासाठी सांगते, की मी भित्री बाई न्हाई.

ठिकान सांगते. सिंहगड रोडला, कॅनॉलच्या अंगाला एक जुनी सोसायटी हाय. तिसरा मजला. लिफ्ट हाय, पन निम्मे दिवस बंद. मी धायरीला ऱ्हाते, तिथनं बसनं वीस मिनटं. त्या घरात एक आजी, वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एकुलती एक पोरगी मेधाताई, ती वाघोलीला कॉलेजात शिकवते आन् तिथंच सासरी ऱ्हाते. म्हंजे पुन्याच्या ह्या टोकाला आई, त्या टोकाला लेक. ती दर रविवारी यायची. दिवसा आजींपाशी मी, रातच्याला दुसरी बाई.

आजींनी पेठेत तीस वर्सं पोरांची मेस चालवलेली. पहिल्या दिवशी माझी आमटी चाखली न् म्हनल्या, "छान. डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलंच आहे."

मी म्हनलं, "उद्या दाट करते."

"राहू दे. होईल सवय. आता किती दिवस राहिलेत."

अशी बाई. पन मला जेवल्याबिगर कधी भांड्याला हात लावू द्यायची न्हाई.

स्वयंपाकघर एका टोकाला, आजींची खोली दुसऱ्या टोकाला, मधी लांब बोळ. आजींचा आवाज बारीक. म्हनून मेधाताईनं बिनतारेची बेल आनली. बटन आजींच्या पलंगाला दोरीनं बांधलं आन् वाजायची डबी माझ्यापाशी. पाखरू ओरडल्यागत लांबलचक सूर व्हता तिचा, संग निळा दिवा लुकलुकायचा. आजी दिवसाला चाळीस वेळा दाबायच्या. पंखा एकनं कमी करा. पडदा सारा. पेपर उलटा धरलाय तुम्ही, तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे, पण फोटो तरी सरळ बघा. अशानं डबीतले दोन सेल पंधरा-वीस दिवसांत संपायचे.

मंग मेधाताई चार्जिंगचे सेल घेऊन आली. चार सेल आन् एक चार्जर. मला समोर बसवून समजावलं. "मावशी, हे टाकून द्यायचे नाहीत. उगाच तेवढा कचरा. संपले की यात लावायचे, लाल दिवा हिरवा झाला की काढायचे."

"आन् साधे लावले तर?"

"अजिबात नाही. फुगतील, फुटतील. आणि दोन-दोनची जोडी ठेवायची. जुना-नवा एकत्र करायचा नाही, भरलेला आणि अर्धा एकत्र करायचा नाही."

आजी पलंगावरनं म्हनल्या, "म्हणजे सोवळं आहे तर. यानं त्याला शिवायचं नाही."

मी आजींकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मंग दोघीबी हसलो. मेधाताईला कळंना काय झालं.

मी एका जोडीला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, दुसरीला पांढरा. लाल डबीत असली की पांढरी भरून तयार. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधाच सेल ठेवा म्हनली मेधाताई, त्याला फार लागत न्हाई. एक गोष्ट माझी मीच शिकले. साधा सेल संपत आला की बेल मलूल व्हती, चार दिस आधी कळतं. हे चार्जिंगचे सेल शेवटपर्यंत खनखनीत वाजतात आन् मंग एकदम गप. सांगून जात न्हाईत.

सहा महिने समदं बरं चाललं.

मागच्या वर्सी, ऊन तापायला लागलं त्या दिवसांत, आजींच्या रेडिओचे सेल संध्याकाळी संपले. साधेच व्हते ते. आजी म्हनल्या, "ती पांढरी जोडी बसून काय करते? घाला यात." घातली. त्यांना उशाशी बारीक आवाजात रेडिओ लागायचा, त्याबिगर डोळा लागायचा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळपास्नं लई पळापळ. आंघोळ, व्यायाम शिकवणारी बाई, आजींचं जेवन. दुपारी दोनच्या पुढं बेल एकदम बंद पडली. मी लाल जोडी काढून चार्जरला लावली. पांढरी रेडिओत. आनायला खोलीत गेले तर आजींना गाढ झोप लागलेली, रेडिओ चालू. सेल काढले असते तर जाग आली असती. मी तशीच परत आले. म्हनलं, संध्याकाळपर्यंतचा तर सवाल हाय.

दुकान सोसायटीच्या खालीच हाय. दोन साधे सेल आनून डबीत घालता आले असते. न्हाई सुचलं.

मी ताट घेऊन ओट्यापाशी खाली बसले. एक भाकरी, मेथी. सकाळी सहाचा चहा सोडला तर पोटात काय न्हवतं. माझ्या डोळ्यासमोर चार्जर, त्यात दोन लाल ठिपक्याचे सेल, लाल दिवा. शेजारी बेलची डबी, झाकन काढलेली, आतल्या स्प्रिंगा दिसत्यात.

दुसरा घास घेतला आन् बेल वाजली.

अख्खा सूर. पहिल्यापास्नं शेवटापर्यंत.

मी डबीकडं बघितलं. म्हनलं, कान वाजत असतील माझे. म्हनलं, शेजारच्या फ्लॅटची असंल. तसल्या सुराची बेल त्या बिल्डिंगमधी दुसरी न्हवती, मला म्हाईत व्हतं, तरी मी मनाला पटवलं. आजींनी हाक मारली असती तर मी उठले असते. पन सेल चार्जरमधी दिसत व्हते. ज्याला वाजताच येत न्हाई त्याच्यासाठी ताटावरनं कशाला उठायचं? मी खात ऱ्हायले.

अर्धी भाकरी झाली असंल. पुन्हा वाजली. आता मी बघतच व्हते. रिकाम्या डबीवर निळा दिवा लुकलुकला. पोट उघडं, आत काय न्हाई, आन् दिवा लागतोय.

तवा तरी उठायचं की न्हाई? मी उठले... पन आजींकडं गेले न्हाई. डबी फडक्यात गुंडाळली, चमच्यांच्या खनात टाकली, खन लावून घेतला. आन् परत ताटावर बसले. उरलेली भाकरी खाल्ली. का, ते मला अजून नीट सांगता येत न्हाई. भ्यालेलं मानूस हातात जे काम असंल तेच करत बसतं.

भाकरी संपली आन् तिसऱ्यांदा वाजली. खनातनं. चमचे थरथरल्यागत झाले. थांबंचना, सूर संपला की परत पहिल्यापास्नं. मंग मी पळाले.

आजी पलंग आन् कपाटाच्या मधी पडलेल्या. कुशीवर. तोंड एका बाजूला गेलेलं, डोळे उघडे, माझ्याकडं बघत व्हत्या. रेडिओवर कुनीतरी गात व्हतं. मी पहिलं बघितलं ते बटन. पलंगाच्या त्या अंगाला, भिंतीकडं, बांधलेलं तसंच. दोरीची गाठ मीच मारलेली, तशीच व्हती. आजींचा हात तिथवर पोचनं शक्यच न्हवतं. आन् मी खोलीत पाऊल टाकलं तवा स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला व्हता.

शेजारच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधी पडल्या?" मी म्हनलं, अर्धा तास असंल, झोपल्या व्हत्या. डॉक्टर म्हनले, "थोडं आधी कळलं असतं तर..." आन् आत गेले. ते वाक्य पुरं झालंच न्हाई.

मेधाताई वाघोलीवरनं दीड तासानं पोचली. पहिला सवाल तोच. "मावशी, बेल नाही वाजली?"

मी म्हनलं, "सेल चार्जिंगला व्हते, ताई."

शब्दानं खोटं न्हवतं. पन मी खोटं बोलले.

ती बाकड्यावर बसली. "मीच आणले ते सेल. साधे असते तर तुम्ही खाली जाऊन दोन नवे आणले असते, घातले असते. झालं असतं." मी तिला पानी आनून दिलं.

आजी नऊ दिवस व्हत्या. वाचा गेली, डावी बाजू गेली. उजवा अंगठा तेवढा चादरीवर दाबत ऱ्हायच्या. दाबायच्या, थांबायच्या, दाबायच्या. मेधाताई तो अंगठा हातात धरून म्हनायची, "आई, आहे गं मी. वाजली बेल. आले मी." मला त्या खोलीत उभं ऱ्हावत न्हवतं. दहाव्या दिवशी सकाळी आजी गेल्या.

मेधाताई ती डबी टाकून द्यायला निघाली व्हती, मी मागून घेतली. धायरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला मिक्सर-पंखे दुरुस्त करनारा हाय. त्यानं खोलून बघितली.

"मावशी, सेल काढल्यावर आत थोडा करंट राहतो. एखादं टुक्क करेल."

"अख्खं गानं?"

"अख्खं नाही."

"तीनदा?"

तो हसला. "चहा घ्या मावशी, ऊन लागलंय तुम्हाला." बटनाचं विचारलं तर म्हनला, कुनी दाबल्याबिगर ते काय करनार.

सेल न घालता डबी घरी फळीवर ठेवली. कामाला सुट्टी असली की दुपारी तिच्यासमोर बसून बघितलं. एकदाबी वाजली न्हाई.

एवढंच असतं तर मी गप बसले असते. पन आजींचं घर आवरायला मेधाताईनं मला बोलावलं, तवा तिनं कपाटातनं तो चार्जर काढला आन् कचऱ्याच्या पिशवीत टाकला. माझ्या तोंडाकडं न बघता म्हनली, "माझ्या घरातले असले सेलसुद्धा सगळे फेकले मी. आईला मी काटकसरीनं मारलं, मावशी."

मंग माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. समदं सांगितलं. पहिल्यांदा वाजली ते, डबी खनात टाकली ते, भाकरी संपवली ते. उभ्या-उभ्या सांगितलं. वाटलं, आता ही मला शिव्या देईल, हाकलून देईल. देऊ दे. पन सेलचं वझं तरी हिच्या मनावरनं उतरंल.

मेधाताईनं समदं ऐकलं. मंग माझ्यापाशी आली आन् माझे दोन्ही हात धरले.

"सेल नसताना बेल कशी वाजेल, मावशी?"

"वाजली, ताई. मी ऐकली."

"माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नका. मला कळतंय तुम्ही का सांगताय."

"ताई, खरंच..."

"बास." डोळे पुसत म्हनली, "आईनं माणूस बरोबर ओळखलं होतं."

मी शपथ घेतली. तिनं ऐकलं न्हाई. दुरुस्तीवाल्याचं सांगितलं, तर म्हनली, बघा, तोही म्हणतोय शक्य नाही. ती सायन्स शिकवते. तिला काय सांगनार मी, दुसरी शिकलेली?

बेल कशी वाजली मला म्हाईत न्हाई. बटन कुनी दाबलं म्हाईत न्हाई. माझ्या अकरा पेशंटातलं कुनी परत आलं न्हाई, आन् आजी तर तवा जित्या व्हत्या. तुमच्यातल्या कुनाला कळत असंल तर सांगा. पन बेल वाजलीच न्हाई असं सांगू नका. वाजली. लिहून ठेवते इथं, म्हंजे कुठंतरी ऱ्हाईल. मेधाताईच्या कधी वाचन्यात आलं तर आलं.

काल तिचा फोन आला व्हता. तिच्या सासूबाई आता अंथरुणाला खिळल्यात. म्हनली, "तुमच्याशिवाय कोणावर विश्वास नाही माझा. वाघोलीला याल का?" दोन बस बदलाव्या लागतात, गुडघे दुखतात, तरी मी हो म्हनलं. सोमवारपास्नं जायचंय. ती म्हनली, बेल नवीन घेते, यावेळी साध्या सेलची.

मी म्हनलं, बेल नको ताई. मी त्यांच्या खोलीतच जेवत जाईन.